सोसायटीसाठी १२ फुटी घोडा (उघडून उभी करायची शिडी) घ्यावा का?

सेक्रेटरी: पार्किंगच्या ट्यूब बदलायला आणि टाकी धुवायला शिडी हवी आहे. मेन रोडला १२ फुटी ॲल्युमिनियमचा घोडा बघितलाय. घेऊन टाकू का?

बी-३०२: सर, थांबा. ही दोन कामं एका शिडीची नाहीत. पार्किंगचा स्लॅब १० फुटांवर आहे, तिथे ६ फुटी घोडा पुरतो. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही हे धरूनही पाय ४ फुटांवर येतात, हात आरामात साडेदहापर्यंत जातो. पण तो फायबरचाच घ्या. आपले पार्किंगचे दिवे जनरेटरवरही आहेत, मेन स्विच पाडला तरी वायरमध्ये करंट येऊ शकतो.

ए-१०४: आणि टाकीसाठी? तिथे १२ फुटी चालेल ना?

सी-५०१: नाही ताई. टाकीच्या स्लॅबची कड गच्चीपासून १२ फूट. शिडी कडेच्या वर ३ फूट निघायला हवी, नाहीतर उतरताना धरायला काहीच उरत नाही. दर ४ फूट उंचीला पाया १ फूट बाहेर, म्हणजे इथे भिंतीपासून ३ फूट. लांबी साडेपंधरा फूट भरते. सरळ १६ फुटी आपल्या जिन्यातून वळणार नाही, म्हणून १०+१० ची सरकती घ्या. दोन्ही भाग ३ फूट एकमेकांवर ठेवले तरी १७ मिळतात.

सेक्रेटरी: घोडा मिटवून भिंतीला टेकवला तर?

सी-५०१: अजिबात नको. रबरी बूट सपाट न बसता कडेवर टेकतात आणि पाय सटकतो. आपल्या गच्चीवर चायना चिप्स (टाइल्सच्या तुकड्यांची फरशी), पावसाळ्यात शेवाळ. आधी ब्रशने घासा, वरचं टोक कॉलमच्या सळईला दोरीने बांधा. प्लास्टिकच्या टाकीला किंवा पाइपला शिडी टेकवू नका.

डी-२०३: भारक्षमता १५० किलोची बघा. त्यात माणूस, ड्रिल, पिशवी सगळं आलं. दुकानात घोडा पूर्ण उघडून पहिल्या पायरीवर चढा आणि डावी-उजवीकडे हलवा. रिव्हेट (जोडाचे खिळे) करकरले किंवा मधल्या पट्ट्या कुलपासारख्या घट्ट बसल्या नाहीत तर दुसरा मागा. सरकतीचे दोन्ही हूक पायरीवर पूर्ण बसतात का, तेही.

ए-१०४: माळ्यावरची लाकडी शिडी रंगवून वापरली तर?

डी-२०३: रंगाखाली चीर दिसत नाही, ताई. ती काढूनच टाका.

सेक्रेटरी: नवीन दोन्ही गच्चीवर ठेवू?

बी-३०२: फायबरची नको, उन्हाने तंतू वर येतात आणि हाताला टोचतात. जिन्याखाली भिंतीवर, हुकांवर आडवी. आणि ओली असेल तर विजेच्या कामाला काढू नका.