मदत हवी आहे: ग्रंथपालांच्या जिल्हा संघटनेचा कारभार मार्गी लावायचा आहे

देवघेव

नमस्कार मंडळी,

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या जिल्ह्यात ग्रंथपालांची एक संघटना आहे. सार्वजनिक वाचनालयं, शाळा आणि महाविद्यालयं अशा तिन्ही ठिकाणचे लोक तिचे सभासद. हा जिल्हा ग्रंथालय संघ नव्हे, हे आधीच सांगते, कारण दोन्हींत नेहमी गल्लत होते. संघाची सभासद ग्रंथालयं असतात आणि त्यांच्या वतीने प्रतिनिधी जातो. आमच्याकडे माणूस स्वतः सभासद असतो. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली आहे आणि सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयातही.

गेल्या वार्षिक सभेत माझी सचिव म्हणून निवड झाली. दप्तर ताब्यात आल्यावर ते सगळं वाचून काढलं आणि मग इथे विचारायचं ठरवलं.

परिशिष्ट एकचा उतारा (धर्मादाय कार्यालयातली संस्थेची अधिकृत नोंद) काढला, तर त्यावर फार जुन्या कार्यकारिणीची नावं आहेत. त्यातले दोघे आज हयात नाहीत. त्यानंतर निवडणुका झाल्या, इतिवृत्तंही लिहिली गेली, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची सूचना, एकाही वेळी दाखल झालेला नाही. बँकेत सह्या अजून जुन्याच. मुदत ठेव आहे, पण हात लावता येत नाही. बँक म्हणते, धर्मादाय कार्यालयाचा आदेश आणा. हिशेब तपासणी मात्र दरवर्षी झालेली आहे, एवढं समाधान.

सभासदांची यादी पाहिली तर जवळजवळ सगळे आजीव सभासद. बरेच निवृत्त, काही जिल्हा सोडून गेलेले, काही दिवंगत. घटनेत गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एक तृतीयांश. तेवढी माणसं सभेला येणं अशक्यच, कारण तेवढी माणसं आता जिल्ह्यातच नाहीत! आणि ज्यांना संघटनेची खरी गरज आहे, म्हणजे तासिका तत्त्वावर किंवा मानधनावर काम करणारे तरुण ग्रंथपाल, त्यांना घटनेतल्या 'पूर्णवेळ कार्यरत' या अटीमुळे सभासदच होता येत नाही.

हे सगळं सोडून द्यावं, नवी संस्था काढावी, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मला ते पटत नाही. ग्रंथपाल आपल्या संस्थेत एकटा असतो. शिक्षकाला शेजारच्या वर्गात दुसरा शिक्षक भेटतो, आमच्या शाळा-वाचनालयांत आमच्या कामाचं दुसरं माणूसच नसतं. पुस्तकनोंदींचा डेटा एका संगणक प्रणालीतून दुसरीत नेताना मराठी अक्षरांच्या चौकटी झाल्या तर कुणाला विचारायचं? पडताळणीत पुस्तकं कमी भरली आणि संस्थाचालक म्हणाले पगारातून भरा, तर काय दाखवायचं? गेल्या वर्षी एका तरुण ग्रंथपाल मुलीवर हीच वेळ आली होती. ती सभासद नव्हती, म्हणून संघटनेने साधं पत्रही दिलं नाही. मला ते फार लागलं.

तर विचारायचं हे की सुरुवात कुठून करू? आधी चेंज रिपोर्ट की आधी घटनादुरुस्ती? मतदानाचा हक्क नक्की कुणाला? आणि १२ ऑगस्टच्या, म्हणजे रंगनाथन जयंतीच्या, सत्कारापलीकडे संघटनेने असं काय करावं की लोक आपणहून येतील? ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

मुक्तद्वार

देवघेव ताई, नवी संस्था काढू नका. जुन्या संस्थेचा नोंदणी क्रमांक, ठेव आणि इतिवृत्तं ही कमाई आहे.

मी दुसऱ्या जिल्ह्यात अशाच संघटनेत बरीच वर्षं होतो. माझ्या मते पहिलं काम सभासद नोंदवही. प्रत्येक आजीव सभासदाला पत्र आणि फोन, पत्ता खात्री करून घ्यायचा, दिवंगतांची नावं कार्यकारिणीच्या ठरावाने कमी करायची. जिवंत माणसाचं नाव मात्र केवळ पत्त्यावर सापडला नाही म्हणून काढू नका, त्यावरूनच पुढे हरकती येतात. वार्षिक सभासदांचं सोपं आहे. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही.

गणपूर्तीचं घाबरू नका, पण घटना नीट वाचा. बहुतेक घटनांत 'गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेता येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही' असं वाक्य असतं. ते असेल आणि सभेच्या नोटिशीतही तसं छापलं असेल, तर सभा कायदेशीर. वाक्यच नसेल तर ते घालणं ही तुमची पहिली घटनादुरुस्ती.

कलमदान

न्यासांची कामं करते, म्हणून क्रमाने लिहिते.

चेंज रिपोर्ट आधी. उताऱ्यावर नाव नसलेल्या कार्यकारिणीने घटनादुरुस्ती केली की पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही कोण.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५०, कलम २२: बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो कळवायचा. मुदत उलटली म्हणून दार बंद होत नाही. उशीर माफीचा अर्ज सोबत द्यायचा, कारण खरं लिहायचं, आणि कार्यालयाने खर्चाची रक्कम भरायला सांगितली तर भरायची. मधल्या प्रत्येक निवडणुकीचा स्वतंत्र रिपोर्ट करा, जुन्यापासून नव्याकडे. सगळं एकात कोंबायला गेलात तर अडकेल.

प्रत्येक रिपोर्टाला लागणारी कागदपत्रं साधारण अशी: सभेची नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, हजेरीपटावरच्या सह्या, इतिवृत्ताची प्रत, नव्या लोकांची संमतीपत्रं, मावळत्या लोकांची ना हरकत किंवा राजीनामे, दिवंगतांचे मृत्यू दाखले. दिवंगतांच्या घरी स्वतः जा. दाखल्यासाठी टपालाने पत्र पाठवणं बरं दिसत नाही, आणि अनेकदा त्याच घरात संस्थेच्या जुन्या फायलीही निघतात.

एक गोष्ट ठामपणे सांगते. एखाद्या जुन्या सभेची नोटीस सापडत नसेल तर ती आज तयार करून मागची तारीख घालू नका. असा सल्ला देणारे भेटतील. नोटीस उपलब्ध नाही असं प्रतिज्ञापत्रात सरळ लिहा. एक खोटा कागद निघाला तर बाकीचे सगळे खरे कागद संशयात येतात.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्तांच्या नावांतला बदल तात्पुरता मान्य करून हरकती मागवण्याची सोय आहे. हरकत आली नाही तर काम लवकर होतं. म्हणून मुक्तद्वार म्हणतात तो सभासदांशी संपर्क आधी करून ठेवलेला बरा; रागावलेला जुना सभासद हरकत घेतो, विचारलेला घेत नाही.

घटनादुरुस्तीत दोन प्रकार ओळखा. उद्देश बदलायचे असतील तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ लागतं: प्रस्ताव सभेच्या दहा दिवस आधी सभासदांना लेखी पोचला पाहिजे, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिनाभराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांशाने त्याला दुजोरा. सभासदत्वाची अट, गणपूर्ती, मुदत हे नियमांतले बदल. त्यांची पद्धत तुमच्या घटनेत दिलेली असेल, तीच पाळा. मानधनावरच्या ग्रंथपालांना आत घेण्यासाठी उद्देशांना हात लावायची गरज पडू नये. आणि कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी नोंदणी कार्यालयाला द्यायची असते. ती पाठवून पोच फायलीला लावा.

शाळेचीलायब्ररी

कायद्यातलं मला कळत नाही, पण त्या मुलीबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ बघा. वर्षभरात देवघेवीला किंवा वाचनाला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं तिथे रास्त धरलं आहे, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक हरवलं तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. पडताळणीही वीस हजारांपर्यंतच्या संग्रहात दरवर्षी, वीस ते पन्नास हजारांत तीन वर्षांतून एकदा, त्याहून मोठ्या संग्रहात नमुना पद्धतीने. खासगी संस्थेवर हा नियम थेट बंधनकारक नाही, पण समोर ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो. मी ठेवला होता.

संघटनेने याचं मराठीत एक पानी टिपण करून प्रत्येक मुख्याध्यापकाकडे पाठवलं तरी केवढं काम होईल.

मुक्तद्वार

अगदी बरोबर. उपक्रम म्हणजे हेच.

१२ ऑगस्टबद्दल थोडं. आपण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून रंगनाथनांच्या फोटोला हार घालतो, पण ते स्वतः संघटनेचे सचिव होते हे सांगत नाही. मद्रास ग्रंथालय संघ १९२८ साली निघाला आणि दुसऱ्याच वर्षी संघाने ग्रंथपालांसाठी उन्हाळी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. तो पुढे मद्रास विद्यापीठाने चालवायला घेतला. ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडणारं त्यांचं पुस्तकही १९३१ मध्ये याच संघाने छापलं. शिकवणं, छापणं आणि गावोगाव पुस्तकं पोचवणं, हीच त्या संघाची सुरुवात. त्या दिवशी सत्कार अर्ध्या तासात आटपा आणि उरलेला दिवस कामाची कार्यशाळा ठेवा.

आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी झाली ती 'कोहा' आणि 'ई-ग्रंथालय' या वाचनालयाच्या संगणक प्रणालींच्या कार्यशाळेला. अट एकच ठेवली होती, प्रत्येकाने आपल्या वाचनालयाचा खराखुरा डेटा आणायचा. भाषण नाही. दोन प्रणालींत काय फरक, मराठी नोंदी युनिकोडमध्ये कशा आणायच्या, जुन्या फाँटमधला मजकूर कसा बदलायचा, एवढंच. लोक संध्याकाळी उठायला तयार नव्हते. दुसरी गर्दी झाली पुस्तकबांधणी आणि कसर-वाळवी या विषयाला, तिथे बोलायला बाइंडर बोलावला होता. कार्यशाळांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची साहाय्य योजना आहे, पण कागदपत्रं अद्ययावत असल्याशिवाय अर्ज करण्यात अर्थ नाही.

सांजवाचक

वेतनाचं काय? सार्वजनिक वाचनालयातल्या माणसाला कार्यशाळेआधी पगार हवा. सार्वजनिक वाचनालयांसाठी शासनाने नेमलेल्या पत्की समितीच्या शिफारशीप्रमाणे वेतनश्रेणी द्या ही मागणी करून पिढ्या गेल्या. संघटना याबद्दल बोलणार नसेल तर आम्ही वर्गणी का भरायची?

देवघेव

सांजवाचक, तुमचं म्हणणं मला मनापासून मान्य आहे. आमच्या जिल्ह्यात 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं, वाचनालय संध्याकाळी उघडणारा माणूस दिवसा दुसरीकडे राबतो. वाचनालय टिकलं आहे ते त्याच्यामुळे. संघटनेने वेतनाचा प्रश्न मांडलाच पाहिजे, निवेदनं दिली पाहिजेत. पण संप आणि वाटाघाटी हे कामगार संघटनेचं काम, त्यासाठी कामगार संघटना म्हणून वेगळी नोंदणी असते. आमच्या न्यासाला ते पेलणार नाही असं मला वाटतं. आम्ही एक नक्की करू शकतो: प्रत्येक वाचनालयात किती माणसं, किती तास, किती मानधनावर काम करतात याची सभासदांकडून लेखी माहिती गोळा करायची. निवेदनाला आकड्यांचा आधार हवा.

कलमदान ताई, तुम्ही लिहिलेला क्रम छापून फायलीला लावला आहे. जुन्या अध्यक्षांशी आजच बोलले. ते ना हरकत द्यायला तयार आहेत आणि त्यांच्याकडे दोन हजेरीपट आहेत. आता एकच अडचण. निवृत्त आजीव सभासदांचं मत काढून घ्यावं असं काही तरुणांचं म्हणणं आहे. तसं केलं तर गणपूर्तीही सोपी होईल. करावं का?

कलमदान

करू नका. त्यांनी पैसे भरले ते मतदानाच्या हक्कासह, आणि तो मागे जाऊन काढला तर पहिली हरकत तिथूनच येईल. नव्या सभासदांसाठी नियम बदला: निवृत्तीनंतर सहयोगी सभासद, मत नाही. जुन्यांचा हक्क राहू द्या. हवं तर कार्यकारिणीत कार्यरत ग्रंथपालांसाठी ठरावीक जागा राखा, त्यात एक मानधनावरच्यांची. आजीव वर्गणी कायम निधीत जमा होते की चालू खर्चात उडते तेही एकदा हिशेबनिसांना विचारा.

शाळेचीलायब्ररी

निवडणूक अधिकारी बाहेरचा नेमा, ताई. आमच्याकडे शेजारच्या जिल्ह्यातले निवृत्त ग्रंथपाल आले होते. मतदार यादी आधी फलकावर लावली, हरकतींना आठवडा दिला, मग अर्ज. हात वर करून मतदान घेतलं नाही, चिठ्ठ्यांवर घेतलं आणि चिठ्ठ्या मोहोरबंद करून ठेवल्या. उमेदवारी अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, उद्या टंकून इथेच टाकते.

देवघेव

नक्की टाका, वाट पाहते. आणि नियम २१५ च्या टिपणाचा कच्चा खर्डा मी रविवारपर्यंत लिहिते. इथल्या कुणाला तपासून देता येईल का? त्या मुलीला पहिली प्रत पाठवायची आहे.