नावं बाजूला ठेवा, पास्कल बघा

'यंत्रांना तत्त्वज्ञांची नावं दिली म्हणून गेम तात्त्विक होत नाही' आणि 'चाहते आंधळी भक्ती करतात', असे आक्षेप नीर: ऑटोमाटा (२०१७) या व्हिडिओ गेमवर घेतले गेले. पहिला मुद्दा मला अर्धाच पटला. (पुढे रसभंग आहे, जपून.)

ज्याँ-पॉल (सार्त्र या तत्त्वज्ञावरून) नावाचं यंत्र यंत्रांच्या गावात भाव खात उभं असतं, तो निव्वळ चावटपणा. पास्कलचं (हेही तत्त्वज्ञाचंच नाव) तसं नाही. हा युद्ध नको म्हणणाऱ्या यंत्रांचा म्होरक्या. पोरांनी जिवाला जपावं म्हणून त्यांना भीती शिकवतो. पुढे हल्ला होतो आणि त्याच भीतीपोटी पोरं स्वतःला संपवतात. मग तो आपल्याला विनवतो, माझी स्मृती पुसा नाहीतर मला मारा. काहीच न करता निघूनही जाता येतं. स्मृती पुसलीत, तर नंतर हाच पास्कल त्या पोरांचेच सुटे भाग विकत बसलेला भेटतो! गेमचा दिग्दर्शक योको तारो याला नावं ठेवायची तर यासाठी ठेवा.

राहिली चाहत्यांची 'आंधळी भक्ती'. २०२२ मध्ये गेममध्ये एक गुप्त चर्च सापडल्याची आवई उठली, लोकांनी फाइली उसवल्या, शेवटी ते मॉडर मंडळींनी (गेममध्ये स्वतःचे बदल घालणाऱ्यांनी) रचलेलं निघालं. हसा खुशाल. पण गेमच्या अनेक शेवटांपैकी 'ई' शेवटाचं काय? श्रेयनामावलीवर गोळ्या झाडताना अनोळखी खेळाडू मदतीला येतात, त्यांनी आपला सगळा सेव्ह डेटा (खेळातली जतन केलेली प्रगती) त्यासाठी पुसलेला असतो. मग आपल्यालाही विचारलं जातं, अनोळखी कुणाला मदत म्हणून तुम्ही तुमचा डेटा पुसाल का? ज्याला मदत होईल तो तुम्हाला न आवडणाराही असू शकेल, हेही गेम स्पष्ट सांगतो. मी 'हो' म्हटलं.