सतरा वर्षांखालील विश्वचषक आणि खानदेशातली मैदाने

(टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

तापीकाठ (चोपडा तालुका), २३ सप्टेंबर २०१७

६ ऑक्टोबरपासून आपल्या देशात सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक सुरू होत आहे. २४ संघ, ५२ सामने आणि दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, मडगाव, नवी मुंबई ही सहा शहरे. फिफाची स्पर्धा भारतात भरण्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या तयारीत आमच्यासारख्या गावांचा वाटा काय, हा प्रश्न मला गेला आठवडाभर स्वस्थ बसू देत नाही.

१५ सप्टेंबरला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असा शासनाचा उपक्रम झाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडेही चेंडू आला, मुले संध्याकाळपर्यंत खेळली, फोटो काढून वर पाठवले गेले. चौथ्या दिवशी पाचवीतला एक मुलगा चेंडू काखेत धरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हवा गयी." सायकलच्या दुकानात पंप होता, पण चेंडूत घालायची सुई नव्हती, ती आणायला तालुक्याला जावे लागले. मैदान काळ्या मातीचे आहे, त्यामुळे पावसाळ्यात पायाला किलोभर चिखल चिकटतो आणि एप्रिलमध्ये घोटा अडकेल एवढ्या भेगा पडतात. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान बंधनकारक केले, पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) मिळण्यासाठी सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर लागतो, आणि आमच्या परिसरातल्या बहुतेक शाळांचा तो नाही. म्हणजे चेंडू आला, पण शिकवणारा आला नाही. माझे म्हणणे असे की, यजमान देशाची तयारी सहा स्टेडियमांवर मोजली जाऊ नये.

जुना गोलरक्षक (भुसावळ)

सर, आपली तळमळ खरी आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मी रेल्वेत नोकरी केली आणि उमेदीची वर्षे भुसावळच्या रेल्वे मैदानावर गोलखांबांमध्ये उभा राहिलो. आमच्या पिढीला १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक आणि १९६२चे आशियाई सुवर्ण या गोष्टी ऐकूनच समाधान मानावे लागले. भारत या स्पर्धेत खेळतो आहे तो केवळ यजमान म्हणून. पात्रता फेरीतून आपण आजवर कधीच पोहोचलो नव्हतो. डिसेंबर २०१३मध्ये यजमानपद मिळाले म्हणून देशभर मुलांचा शोध झाला, गोव्यात त्यांना एकत्र ठेवले गेले, परदेशात सामने मिळाले, आधी निकोलाय ॲडम आणि आता नॉर्टन डी मातोस यांच्यासारखे परदेशी प्रशिक्षक लाभले. एरवी सोळा वर्षांच्या मुलांवर कोणी एवढा खर्च केला असता? कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवरचे कृत्रिम गवत काढून खरी हिरवळ लावली गेली, नेरुळला सरावाचे मैदान तयार झाले. ही मैदाने स्पर्धेनंतर उचलून कोणी नेणार नाही. मोठे घर बांधताना आधी ओसरी का नाही सारवली, असे विचारण्यासारखा आपला प्रश्न आहे.

तापीकाठ

दादा, आपल्याच मुद्द्यावरून पुढे जातो. परवा जाहीर झालेल्या २१ जणांच्या संघात ८ मुले एकट्या मणिपूरची आहेत. यजमान शहरांच्या यादीत इंफाळ कुठे आहे? आपल्या राज्याचा अनिकेत जाधव कोल्हापूरचा आहे, जिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत आणि सामन्याला गाव लोटते. तिथून तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतला एकही मुलगा त्या २१ जणांत नाही. मैदान आणि मंडळ असेल तिथे स्टेडियमवाचूनही खेळाडू घडतो, हे मणिपूरने दाखवले आहे. स्टेडियमने गावात मंडळ उभे राहते याचे उदाहरण मला दिसत नाही.

केळीबाग (रावेर)

दोघांचीही क्षमा मागून लिहितो. गेले दोन महिने आमच्याकडचे शेतकरी कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी रात्रीबेरात्री केंद्रांसमोर बसून होते. अशा वर्षी परदेशी संघांसाठी हिरवळ जोपासणे मला पटत नाही. हा खेळ आपल्या मातीतला नाही. कबड्डी आणि कुस्तीला एवढा पैसा दिला असता, तर गावागावांत दिसला असता.

सातपुडा (धडगाव)

केळीबाग यांच्या रागाचे कारण मी समजू शकते, पण खेळाबद्दलचे त्यांचे मत मला मान्य नाही, आणि तापीकाठ सरांशीही माझा एका बाबतीत मतभेद आहे. मी आश्रमशाळेत शिकवते. आमचे मैदान डोंगराच्या उतारावर आहे. चेंडू खाली गेला की अर्धा तास परत येत नाही, म्हणून मुलांनी कडेला दगडांचा बांध रचला आहे. इतकी वर्षे शाळेत चेंडू असे तो मुलांकडेच असे. मुली कपडे धुऊन, भाजी निवडून पायरीवर बसून बघत. १५ सप्टेंबरला सर्व विद्यार्थ्यांनी खेळायचे असा आदेश होता, म्हणून मुलींचाही संघ केला. मुलांनी कुरकुर केली, तेव्हा मी आदेशाचा कागद दाखवला. त्या दिवसापासून संध्याकाळी निम्मा वेळ चेंडू मुलींकडे असतो आणि त्या अनवाणी खेळतात. एका दिवसाच्या उपक्रमाला आपण दिखाऊ म्हणत असाल, तर म्हणा. माझ्या शाळेत त्या कागदाने जे झाले ते मी पाच वर्षे समजावून करू शकले नव्हते.

अडचण पुढची आहे. सुब्रतो चषकात, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत, सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे, पण त्यासाठी आधी जिल्ह्याला, मग नाशिक विभागाला जायचे. घाट उतरून नंदुरबारला जाण्यात एसटीने दिवस मोडतो, आणि सोळा जणींचे भाडे, मुक्काम व जेवण कोणत्या खात्यातून करायचे, हे मला अजून कोणी सांगू शकलेले नाही. आमच्या मुलींना हिरवळीच्या आधी प्रवासखर्च हवा आहे.

तापीकाठ

ताई, मुलींच्या बाबतीतला आपला अनुभव मी लक्षात घेतला नव्हता. माझ्या शाळेतही त्या दिवशी मुली खेळल्या. त्यानंतर खेळल्या का, हे मी पाहिलेच नाही. सोमवारी पाहतो. उपक्रम निरर्थक होता, असे मी यापुढे म्हणणार नाही. मात्र प्रवासखर्चाचा आपला मुद्दा माझ्याच बाजूचा आहे: तालुक्यापासून विभागापर्यंतची ही वाट चालती केल्याशिवाय दिल्लीतला सामना आमच्या मुलांसाठी दूरदर्शनवरचाच राहील.

जुना गोलरक्षक

तो सामना त्यांना दाखवाच. ६ तारखेला अमेरिका, ९ला कोलंबिया, १२ला घाना. तिन्ही संघ आपल्यापेक्षा बलवान आहेत, आणि हरलो तरी आपल्या वयाची मुले त्या मैदानावर उभी असलेली पाहणे ही मोठी गोष्ट आहे, यावर मी ठाम आहे. शिकवणारा नाही म्हणता, तर आम्ही दोघे-तिघे निवृत्त खेळाडू पुढच्या रविवारी आपल्या शाळेवर येतो. सुया आणि पंप आमच्याकडे आहेत.

तापीकाठ

रविवारी मैदानावर आठवडे बाजार भरतो. शनिवारी सकाळची शाळा असते, अकरानंतर मैदान मोकळे असेल. त्या दिवशी या.