कलाशिक्षिकेने कार्यालयीन कामे अंगावर घ्यावीत का?

प्रश्न (कलाशिक्षिका, खटाव तालुका)
आमच्या माध्यमिक शाळेचे वेळापत्रक, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांची नोंदणी आणि त्या परीक्षेमुळे दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांचे प्रस्ताव ही कामे मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवली आहेत. ‘चित्रकलेच्या बाई आता कारकून झाल्या’, असे सहकारी म्हणतात. मला मात्र वाटते की, कोणत्या मुलाच्या हाती रंग पडणार हे याच कागदांवर ठरते. याला राजकीय काम म्हणणे अतिशयोक्तीचे होईल का?

उत्तर (निवृत्त कलाशिक्षक, मिरज)
मुळीच नाही, मॅडम. चित्रकलेची तासिका शनिवारी शेवटी लावली, की ‘पोर्शन राहिला आहे’ म्हणून गणिताचे सर ती मागून घेतात. जलरंगाचा पहिला हात वाळेपर्यंत घंटा होते, एवढेच कारण लेखी देऊन मी आठवड्याच्या मध्यावर जोडतासिका मागितली आणि ती विनातक्रार मिळाली. कलेच्या प्रतिष्ठेविषयी बोललो असतो, तर सर्वांनी माना डोलावल्या असत्या आणि शनिवार तसाच राहिला असता.

उत्तर (वरिष्ठ लिपिक, सांगली)
प्रस्तावांचे काम तर दुसऱ्या कोणालाही देऊ नका. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला 7, ब श्रेणीला 5 आणि क श्रेणीला 3 गुण मिळतात. परंतु शाळेने मुदतीत प्रस्ताव पाठवला नाही, तर प्रमाणपत्र घरातल्या ट्रंकेतच राहते. ज्यांचे पालक शाळेत येऊन विचारतात, त्यांची प्रकरणे कशीही मार्गी लागतात. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांना अशी मुदत असते हेच ठाऊक नसते. म्हणून नववीतच प्रमाणपत्रांच्या छायाप्रती जमा करून घ्याव्यात, प्रमाणपत्रावरचे नाव जनरल रजिस्टरशी, म्हणजे शाळेतील विद्यार्थ्यांच्या नोंदवहीशी, ताडून पाहावे आणि प्रस्तावाची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.

उत्तर (कला महाविद्यालयातील अध्यापक, सातारा)
वरील दोन्ही सूचना उपयुक्त आहेत, तरी एक गोष्ट मला खटकते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कलेचा निदेशक (शिकवणारा) आहे, पण तोही अंशकालीन आणि पट शंभराच्या वर असेल तरच. पाटण-जावळीच्या खोऱ्यांतल्या लहान शाळा त्या एका आकड्याने बाहेर पडतात, आणि कोणत्याही बाईंनी वेळापत्रक कितीही कौशल्याने आखले, तरी तो आकडा हलत नाही. तिथे संघटनाच लागते. शिवाय गाजावाजा न करता मिळवलेली गोष्ट तशीच गाजावाजा न होता काढूनही घेतली जाते. जोडतासिका मिळालीच, तर ती मुख्याध्यापकांच्या मर्जीवर सोडू नका. शाळा समितीत ठराव करून घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर
आभारी आहे, सर. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत जोडतासिकेचा विषय घेण्याचे पत्र देते. वाढीव गुणांच्या प्रस्तावांची मुदत फलकावर लावून भागणार नाही, असे दिसते. ऊसतोडीला गेलेल्या पालकांना ती दूरध्वनीवरूनच कळवावी लागेल.