कुत्रा दत्तक घ्यावा की विकत? मतं हवीत

तिसरा_मजला : पुण्यात कोथरूडला राहतो. छोटा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरी आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि गुडघेदुखीने बेजार आई. लेकीला हस्की हवा आहे. बायकोचं म्हणणं, दत्तक घेऊ, नाहीतर नकोच. मला धास्ती आईची आहे. अंगावर उड्या मारणारं, पायात येणारं जनावर नको. जातिवंत पिल्लू घेतलं तर स्वभावाचा निदान अंदाज असतो, असं मला वाटतं. तुम्ही काय केलं असतं?

अबोली : हस्की नकोच. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला, दुहेरी केसांचा कुत्रा पुण्याच्या एप्रिलमध्ये दिवसभर एसीत कोंडून ठेवायचा, ही त्याच्यावर शिक्षा आहे.
माझं मत स्पष्ट आहे, दत्तक घ्या. विकत घ्यायचाच असेल तर २०१७ चे श्वानप्रजननाचे नियम वाचून जा. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतल्या मादीची वीण घेता येत नाही. नोंदणीचा कागद मागा आणि पिल्लाची आई बघायची आहे म्हणा. टाळाटाळ झाली तर तिथून निघा. पिंजऱ्यातल्या त्या मादीचे हाल तुमच्या पैशावरच चालू राहतात.

कारवानी : अबोलीताई, मादीबद्दल अगदी सहमत. पण म्हणून विकत घेणं सरसकट वाईट ठरवू नका. मराठवाड्यात कारवानी कुत्रा आजही शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलाय. मुधोळची जात घोरपडे संस्थानिकांनी जोपासली. ही जनावरं मागणी नसेल तर टिकणार कशी? इथल्या उन्हाला, इथल्या मातीला तीच योग्य. सगळ्यांनी फक्त दत्तकच घेतले तर हे रक्त आपल्या डोळ्यांदेखत संपेल.
अर्थात कारवानी फ्लॅटमध्ये ठेवू नका, त्याला पळायला रान लागतं. तुमच्यासाठी लॅब्रेडॉर. शांत, माणसाळलेला, पोरांचा लाडका.

अबोली : लॅब्रेडॉर, तोही तिसऱ्या मजल्यावर? पहिली दोन वर्षं तो शांत नसतो, दिसेल ते चावतो आणि तीस किलोचा होतो. या जातीत खुब्याच्या सांध्याचा आजार बराच आढळतो. म्हातारपणी जिना चढेना झाला की रोज उचलून कोण नेणार?
स्वभावाचा अंदाज हवा असेल तर पिल्लूच घेऊ नका, मग ते कुठल्याही जातीचं असो. दोन-तीन वर्षांचा, कुणाच्या तरी घरी तात्पुरता सांभाळलेला गावठी कुत्रा बघा. त्याचा आकार ठरलेला असतो, सवयी उघड दिसतात. जिना चढतो का, म्हाताऱ्या माणसांजवळ कसा वागतो, हे सांभाळणाऱ्याला विचारता येतं. दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल हे कोण सांगणार?

कारवानी : हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण दुसरी बाजूही बघा. गल्लीत सुखाने राहणारा कुत्रा उचलून फ्लॅटमध्ये आणणं हा त्याच्यावर उपकार नाही. हद्द राखत हिंडणारं जनावर दारामागे भुंकून जीव नकोसा करून घेतं. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे नियमही नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला त्याच्याच जागी सोडा म्हणतात. दत्तक घ्यायचा तो ज्याला परत जायला जागा नाही असा. अपघातातून वाचलेला, किंवा मालकाने टाकून दिलेला. असे जातिवंतही बरेच असतात.

भाटी_आणि_बोका : मांजराचा कुणी विचारच करत नाही! आईचे गुडघे आणि तिसरा मजला बघता मोठी, नसबंदी झालेली देशी भाटी आणा. फिरवायला न्यावी लागत नाही. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी मात्र आधी लावा, मांजरं वरून पडतात. पर्शियनच्या मागे लागू नका. रोज केस विंचरावे लागतात, डोळे गळतात, आणि मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक आजार त्या जातीत आहे.

तिसरा_मजला : लेक मांजराला तयार नाही. पण पिल्लू नको, वयाने मोठा कुत्रा ही गोष्ट बायकोला आणि मला दोघांनाही पटली. आणायच्या आधी काय तपासू?

अबोली : रेबीजची लस कधी दिली त्याची तारीख, पुढचा डोस कधी ते. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची लस. नसबंदी. गोचीडताप होऊन गेला असेल तर रक्ताचा ताजा रिपोर्ट. महापालिकेचा परवाना तुम्हाला काढावा लागेल.

कारवानी : आणि आठवडाभर ठेवून बघू द्या असं सांभाळणाऱ्याला आधीच विचारा. पहिल्या भेटीला आईंना घेऊन जा. त्यांना खुर्चीत बसवा, कुत्रा मोकळा सोडायला सांगा आणि तो त्यांच्यापाशी कसा येतो ते बघा. लेकीला दुसऱ्या भेटीला न्या, नाहीतर पहिला दिसेल तोच घरी येईल.