१८२७ चा हाफ डॉलर: ओव्हरटन नंबर कसा काढायचा? आणि हा खरंच १८२७/६ आहे का?

रुपेरी_कड

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या एका कॉइन शोमधून १८२७ चा कॅप्ड बस्ट (टोपी घातलेल्या लिबर्टीचं, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचं, चित्र असलेला) अमेरिकन हाफ डॉलर घेतला आहे. ग्रेडिंग कंपनीच्या बंद डबीत नाही, साध्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये होता. वजन १३.३१ ग्रॅम, व्यास ३२.६ मिमी. केस आणि पंख बऱ्यापैकी शाबूत आहेत, माझ्या अंदाजाने दर्जा व्हीएफ (व्हेरी फाइन) ३०–३५.

होल्डरवर पेनने '१८२७/६', म्हणजे ६ वर ७ ठोकलेला, असं लिहिलं आहे. ७ च्या उजव्या बाजूला एक बारीक उंचवटा दिसतो खरा, पण तो ६ चा अवशेष आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे कडेवरच्या मजकुरात एका ठिकाणी दोन-तीन अक्षरं एकमेकांवर चढलेली आहेत. नाणं नकली असल्याची ही खूण आहे का? आणि तिसरं, मागच्या बाजूला गरुडाच्या पंखांत करडी-हिरवट चिकट घाण आहे. ती काढावी की तशीच ठेवावी?

ओव्हरटन नंबर (अल ओव्हरटनच्या पुस्तकातल्या यादीत ठशांच्या जोडीला दिलेला क्रमांक) स्वतः काढायला शिकायचं आहे, त्यामुळे नुसतं उत्तर नको, पद्धत सांगा.

टांकसाळकर

पद्धत विचारलीत हे छान केलंत. सुरुवात ७ पासून करू नका. आधी व्हरायटी, म्हणजे एकाच सालच्या नाण्यांतले बारीक फरक, का होते ते लक्षात घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळतं.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत त्या काळी डाय, म्हणजे नाण्यावर मारायचा पोलादी ठसा, तयार करताना मुख्य आकृती, म्हणजे पुढे लिबर्टीचा चेहरा आणि मागे गरुड, हबने (पूर्ण आकृतीच्या एका साच्याने) एकदम उमटवत. तारे, सालातले आकडे आणि काठालगतची अक्षरं मात्र सुट्या पंचांनी, हातोड्याने, एकेक करून ठोकत. म्हणून कुठल्याही दोन डायवर ताऱ्यांची जागा तंतोतंत सारखी नसते. पुढची एक डाय आणि मागची एक डाय मिळून जी जोडी बनते, तिला एक ओव्हरटन नंबर. १८०७ ते १८३६ या लेटर्ड एज (कडेवर अक्षरं असलेल्या) मालिकेत अशा साडेचारशेच्या आसपास जोड्या आहेत. १८२७ साली ५४,९३,४०० नाणी पाडली गेली आणि एकट्या त्या सालाच्या जोड्या पन्नासच्या घरात जातात. म्हणजे तुम्ही नवशिक्याला सर्वात जड जाणारं साल उचललं आहे.

आता क्रम. आधी सालातल्या २ चा तळ बघा. तो सपाट असून टोकाला उभा छोटा काटा असेल तर 'स्क्वेअर बेस', लाटेसारखा वळलेला असेल तर 'कर्ल बेस'. १८२७ मध्ये कर्ल बेसच्या फक्त दोन जोड्या आहेत, १४६ आणि १४७. तसा निघाला तर काम दहा मिनिटांचं. पण बहुतेक स्क्वेअरच निघेल.

मग तारे. लिबर्टीच्या डावीकडे सात, उजवीकडे सहा. मोजणी डावीकडे खालून सुरू होते, म्हणजे पहिला तारा छातीजवळ आणि तेरावा उजवीकडे खाली केसांच्या बटेजवळ. पहिल्या ताऱ्याचं बाहेरचं टोक काठाच्या दात्यावर (काठालगतच्या बारीक उंचवट्यांपैकी एकावर) रोखलेलं आहे की दोन दात्यांच्या फटीवर, ते टिपून ठेवा. तेराव्याचंही तसंच. तेरावा तारा बटेपासून किती लांब आहे तेही लिहा, आणि १ चा माथा छातीच्या कडेला किती जवळ येतो, ८ आणि २ मधलं अंतर २ आणि ७ मधल्यापेक्षा जास्त आहे का, हेही. या चार-पाच नोंदींत पुढच्या बहुतेक डाय गळून पडतात.

मागच्या बाजूला बोधवाक्याच्या पट्टीची दोन्ही टोकं काठाच्या कोणत्या अक्षराखाली येतात ते बघा. त्यानंतर '५० सी' मधली अंतरं आणि ढालीच्या आडव्या रेषा. काही डायवर या रेषा ढालीबाहेर पंखात घुसलेल्या असतात, आणि अशी एक रेषा कधी कधी एकटीच निकाल लावते. अक्षरांच्या उभ्या दांड्यांच्या तुटलेल्या पायांवर मात्र जाऊ नका. पंचचा पाय तुटला की त्या पंचने ठोकलेलं ते अक्षर सगळ्या डायवर लंगडं उमटतं, त्यामुळे त्याचा जोडी ओळखायला उपयोग नाही. नवीन माणूस इथे हमखास फसतो.

मागच्या डायवर साल नसतं. त्यामुळे ती धड असली तर दुसऱ्या पुढच्या डायबरोबर, कधी पुढच्या वर्षीही, वापरली जाई. नुसती मागची बाजू जुळली म्हणून नंबर ठरत नाही.

जुनेपुराणे

७ बद्दल मी सांगतो. ओव्हरडेट म्हणजे आधी ६ ठोकलेल्या डायवर नंतर ७ ठोकलेला. त्यामुळे उरलेला भाग ६ च्याच वळणाचा हवा आणि ६ जिथे असायला हवा तिथेच हवा. तुमचा उंचवटा ७ च्या उजवीकडे सुरू होऊन काठाच्या दात्यांकडे जात असेल तर ती डायला गेलेली चीर आहे. ६ ला दात्यांपर्यंत पोहोचणारी शेपटी नसते.

आधी तो उंचवटाच आहे ना, याची खात्री करा. डोळा इथे फार फसवतो. दहापट भिंग घ्या, दिवा एका बाजूने तिरका धरा आणि शेजारच्या ताऱ्याची सावली कोणत्या बाजूला पडते ते बघा. ७ जवळच्या रेषेची सावली त्याच बाजूला पडली तर ती उंच आहे, म्हणजे डायमधूनच आलेली. उलट बाजूला पडली तर तो नाण्यावरचा ओरखडा आहे, मग होल्डरवर काहीही लिहिलेलं असो. ओव्हरडेटचे नंबर १८२७ च्या यादीत अगदी सुरुवातीला आहेत. त्यांच्या पुढच्या डायचे तारे तुमच्या नोंदींशी जुळले नाहीत तर विषय तिथेच मिटला, मग ७ कडे बघायचीही गरज नाही.

सालांबद्दल एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवा. १८१६ सालाचा हाफ डॉलर दाखवला तर हात लावू नका. जानेवारी १८१६ मध्ये टांकसाळीला आग लागली आणि त्या सालाचं एकही चांदीचं नाणं पाडलं गेलं नाही. १८१५ ची सगळी नाणी १८१५/२ आहेत, १८१२ साठी केलेली डाय उरली होती ती वापरली. साधा १८१५ असं कुणी म्हणालं तर ५ च्या खाली २ शोधा. सापडला नाही तर नाणं ठेवून द्या.

कडेकडेने

कडेवर अक्षरं चढली आहेत म्हणून घाबरू नका. मला तर ती बाब तुमच्या बाजूची वाटते.

ही अक्षरं ठसा मारण्याआधीच कास्टॅन यंत्रावर उमटवत. यंत्रात दोन समांतर पोलादी पट्ट्या, एक स्थिर आणि एक दात्याच्या चाकाने सरकणारी. 'फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर' हा मजकूर दोन्ही पट्ट्यांवर अर्धा-अर्धा वाटलेला. कोरी चकती त्यांच्यामध्ये ठेवून अर्धा फेरा फिरवली की पूर्ण मजकूर उमटला. चकती जरा घसरली किंवा अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त फिरली की शेवटची अक्षरं सुरुवातीच्या अक्षरांवर चढतात. खऱ्या नाण्यांवर हे नेहमी दिसतं. मजकूर कुठून सुरू होतो आणि नाण्याची पुढची बाजू कुठे आहे याचाही काही संबंध नसतो, कारण चकती प्रेसमध्ये कशीही पडे.

संशय घ्यावा असं काय ते ऐका. कडेवर चारी बाजूंनी फिरणारी बारीक शिवण ही ओतीव नकलेची खूण. अक्षरं खोल बसण्याऐवजी वर आलेली असतील तर नकली. १८२७ च्या नाण्याला कंगोऱ्यांची कड असेल तरीही नकली, कारण कंगोऱ्यांचे हाफ डॉलर १८३६ च्या अखेरीस वाफेच्या प्रेसवर सुरू झाले.

यापेक्षा चांगली परीक्षा घरच्या काट्यावर होते. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि काचेला टेकू देऊ नका. काटा दाखवेल ते नाण्याचं घनफळ. नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा. ८९.२४ टक्के चांदी आणि बाकी तांबं, या मिश्रणाची घनता १०.३ येते. तुमच्या १३.३१ ग्रॅमला काटा १.२९ च्या आसपास थांबला पाहिजे. मूळ वजन १३.४८ ग्रॅम होतं, एवढी झीज तुम्ही सांगितलेल्या दर्जाला शोभते.

त्या काळातच चलनात घुसवलेले खोटे हाफ डॉलर बरेचसे जर्मन सिल्व्हरचे आहेत. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यात चांदी नावालाही नाही. घनता ८.७ च्या आसपास, त्यामुळे याच आकाराचं नाणं साडेअकरा ग्रॅमच्या आत भरतं. पाण्यात धरल्यावर नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा जास्त येतो आणि घनता खोटीच कमी दिसते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडे सुटतात.

रुपेरी_कड

लगेच करून बघितलं. काटा १.२९ वर थांबला, म्हणजे घनता १०.३. कडेवर शिवण नाही, अक्षरं खोल आहेत. २ चा तळ सपाट आहे. ७ जवळची रेषा उंच आहे, पण ती खरंच दात्यांपर्यंत जाते आणि पुढे काठावरून डावीकडे वळते. म्हणजे चीरच. ताऱ्यांच्या नोंदी केल्यावर तीन नंबर उरलेत. घाणीचं काय करू? आणि बोधवाक्यातली मधली अक्षरं जवळजवळ दिसतच नाहीत, बाकी नाणं एवढं चांगलं असूनही. ही झीज आहे का?

टांकसाळकर

झीज नाही, ठसा कमी बसला आहे. अमेरिकन नाण्यात पुढची बाजू सरळ धरली की मागची उलटी असते. म्हणून पुढच्या बाजूचा तळ, म्हणजे छाती आणि खांद्यावरची बक्कल, बरोबर बोधवाक्याच्या पाठीला येतो. दोन्हीकडे एकाच जागी धातू खोलवर भरायचा असतो आणि तेवढा तो पुरत नाही. तुमच्या नाण्याची बक्कलही बघा, सपाट असणार. झीज असती तर गालाचा आणि पंखांचा सर्वात उंच भाग आधी गेला असता.

आता उरलेले तीन नंबर. चीर तुम्हाला सापडलीच आहे, पण चिरेवरून नंबर ठरवू नका. ती डायची अवस्था सांगते. नंबराला जोडलेलं 'ए' हे अक्षर म्हणजे त्याच जोडीची पुढची अवस्था: चिरलेली, घासून पुन्हा वापरलेली, किंवा मध्ये चकती नसताना दोन्ही डाय एकमेकींवर आपटलेली. अशी आपट झाली असेल तर लिबर्टीच्या कानाच्या आसपास ढालीच्या उभ्या रेषांचे पुसट ठसे दिसतात. आधी मागची बाजू वापरून तीनाचा एक नंबर करा, अवस्था त्यानंतर.

जुनेपुराणे

घाणीबद्दल. हिरवट आणि चिकट म्हणजे बहुधा पीव्हीसी, नरम प्लास्टिकच्या पाकिटातून निघालेली. ती राहिली तर चांदी खाते, म्हणून ती काढायचीच. शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या, सुगंध आणि तेल घातलेलं नेलपॉलिश रिमूव्हर नको. काचेच्या वाटीत नाणं अर्धा तास बुडवून ठेवा, मग बाहेर काढून दुसऱ्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवा आणि उभं ठेवून वाळू द्या. चोळायचं नाही, कापसानेही नाही. खिडकी उघडी असू द्या आणि जवळपास गॅस पेटलेला नको.

करडेपणा मात्र राहू द्या. तो दोनशे वर्षांचा चांदीचा रंग आहे. देवाची चांदीची भांडी ज्याने लखलखीत होतात ती पावडर, टूथपेस्ट, चिंच, खाण्याचा सोडा, यातलं काहीही या नाण्याला लावलंत तर पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा उठतात आणि त्या कायमच्या. ग्रेडिंग कंपनी मग आकडा न देता 'क्लीन्ड' लिहून परत पाठवते.

कडेकडेने

किमतीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दुर्मीळपणाची मोजपट्टी आर-१ ते आर-८ अशी आहे. आर-१ म्हणजे हजारावर नाणी ठाऊक, आर-३ म्हणजे २०१ ते ५००, आर-५ म्हणजे ३१ ते ८०, आर-७ म्हणजे ४ ते १२. पण ही पट्टी म्हणजे भाव नव्हे. १८१५/२ घ्या. ४७,१५० नाणी पाडली, जोडी एकच, आणि ती आर-२ च. तरी महाग, कारण सालवार संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला ती हवी असते. उलट १८२७ ची आर-४ जोडी फक्त जोड्या जमवणारेच मागतात. १८१७/४ सारखं, बोटांवर मोजण्याइतकं उरलेलं आणि सर्वांनाच हवं असलेलं नाणं विरळा.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर होल्डरवरच्या '१८२७/६' साठी जास्तीचे पैसे दिले असतील तर विक्रेत्याशी आधी बोललो असतो. नाणं अस्सल आहे, पण ओव्हरडेट नाही. चीर दात्यांपर्यंत जाते हे दाखवणारा एक फोटो पुरेसा आहे. दिवा घड्याळाच्या दहाच्या जागी ठेवून, सालाच्या अगदी जवळून घ्या.

रुपेरी_कड

फोटो घेतला, विक्रेत्याला पाठवतो. मागच्या बाजूने तीनातले दोन उरलेत. दोन्हींत पट्टीचं डावं टोक एकाच अक्षराखाली येतं.

टांकसाळकर

मग उजवं टोक बघा. आणि ढालीची सर्वात वरची आडवी रेषा उजव्या पंखात घुसते का तेही बघा. भिंग आणि तिरका दिवाच वापरा, मोबाइलवर फोटो मोठा करून ही रेषा दिसणार नाही.