मदत हवी आहे : शहरातील हवा-प्रदूषण आणि ग्राहकांचा आत्मविश्वास

नमस्कार मंडळी,

एम.ए. अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी, हवा बिघडली की शहरातील ग्राहकांचा आत्मविश्वास (म्हणजे आपल्या उत्पन्नाबद्दल आणि खर्चाबद्दल वाटणारा भरवसा) कमी होतो का, हे मला जळगावपुरते तपासायचे आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जळगावचा समावेश आहे. परंतु रिझर्व्ह बँकेच्या ज्या ग्राहक विश्वास सर्वेक्षणात रोजगार, उत्पन्न, किमती आणि खर्चाविषयी विचारून १०० या मध्यबिंदूभोवती (त्यावर आशावाद, त्याखाली निराशा) निर्देशांक काढला जातो, ते मोठ्या शहरांत होते, जळगावात नाही, आणि आपल्याकडची सर्वांत जवळची शहरे म्हणजे मुंबई, नागपूर, भोपाळ. त्यामुळे स्वतःची प्रश्नावली करणे भाग आहे.

खरी अडचण पुढेच आहे. थंडीत हवा जमिनीलगत कोंडते आणि धूलिकण वाढतात, पण नेमका तेव्हाच कापसाचा पैसा हाती येतो, दिवाळी व लग्नसराईमुळे सराफ बाजारात गर्दी असते. म्हणजे आकडे नुसते शेजारी मांडले, तर प्रदूषणाने विश्वास वाढतो असा हास्यास्पद निष्कर्ष निघेल! इथल्या महात्मा फुले मार्केटमध्ये साड्यांवरच्या प्लॅस्टिकवर बोटाने रेघ ओढता येईल इतका फुफाटा बसतो, तरी गिऱ्हाईक भाव करतच असते.

हंगामाचा हा परिणाम वेगळा कसा काढावा? एकाच आठवड्यातील वाऱ्याच्या आणि वारा पडलेल्या दिवसांची तुलना ग्राह्य धरली जाईल का? तसेच दैनंदिन विक्रीची जुनी नोंद, नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर, दाखवू शकेल असा दुकानदार कुणाच्या ओळखीत असल्यास कृपया कळवावे.